हवेतले हात आणि दुखरे खांदे

हवेत हात हलवून यंत्र चालवण्याची विद्या आता प्रयोगशाळेपुरती राहिलेली नाही. डोळ्यांवर जाड चष्म्यासारखे उपकरण बांधायचे, समोर खोटी खोली किंवा खोटी बाग उभी राहते, आणि तिच्यात वावरायचे ते हाताच्या खुणांनी. याला व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणतात. धडगावात असे उपकरण घरोघरी नाही, हे खरे. पण आपली मुले नाशिक-पुण्याला संगणक शिकायला जातात. त्यांतल्याच एकाने सुटीत मला विचारले, “डॉक्टर, कोणती खूण माणसाच्या हाताला झेपते?” प्रश्न संगणकाचा असला तरी उत्तर शरीरशास्त्रातच शोधावे लागते.

वाचकांनी एक हात खांद्याच्या रेषेत समोर सरळ धरून पाहावा. (खांदा आधीच दुखत असेल, त्यांनी हा प्रयोग करू नये.) दोन-तीन मिनिटांत हात जड होतो, थरथरू लागतो. साठ किलोच्या माणसाचा एक हात सुमारे तीन किलोचा असतो. भरलेली कळशी अंगाजवळ धरली तर पेलते, लांब धरली तर पेलत नाही, हाताचेही तसेच. शिवाय स्नायू हलता असला की त्यात रक्त खेळते. एकाच स्थितीत ताणून धरला की आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि स्नायू आंबतो. आमचुरासाठी झाडावरच्या कैऱ्या उतरवणाऱ्याला हे सांगायला नको.

संगणकवाल्यांनी या दुखण्याला ‘गोरिला आर्म’ असे गमतीदार नाव दिले आहे. २००२ च्या ‘मायनॉरिटी रिपोर्ट’ या इंग्रजी चित्रपटात नायक हवेत हात फिरवून चित्रे सरकवतो. पडद्यावर ते झोकदार दिसते, पण तसे आठ तास काम करणाऱ्याला संध्याकाळी शेकायलाच बसावे लागेल. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले प्रणव मिस्त्री यांनी २००९ साली अमेरिकेत ‘सिक्स्थ सेन्स’ दाखवले, तेव्हा बोटांना रंगीत टोप्या होत्या आणि गळ्यात कॅमेरा. २०२४ साली विक्रीला आलेल्या ॲपलच्या उपकरणात हात मांडीवर ठेवूनही काम होते. नजर वस्तूवर ठेवायची आणि अंगठा-तर्जनी चिमटीसारखी टेकवायची. खांद्याच्या दृष्टीने ही सुधारणा मला पटते. मधुमेह असणाऱ्यांचा खांदा आखडण्याची शक्यता मुळातच जास्त असते, त्यांना तर कोपर अंगालगत ठेवूनच काम करणे बरे.

पण मग ज्याला चिमूटच जमत नाही, त्याचे काय? मी त्या मुलाला हेच विचारले. चिमटीला दोन मज्जातंतू, म्हणजे नसा, लागतात. एक कोपराच्या मागून जाते, दुसरी मनगटाच्या मधून. कुष्ठरोगात नेमक्या याच नसा सुजतात. मग करंगळी-अनामिका वाकतात, अंगठा बोटासमोर येत नाही. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४८ च्या सुमारास अशा हातांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. चांगल्या स्नायूची दोरी वळवून चिमूट परत मिळवण्याची ती युक्ती आजही वापरतात. तेव्हा खुणा ठरवणाऱ्यांनी चिमटीला मूठ किंवा नुसती नजर असा दुसरा पर्याय ठेवायलाच हवा.

आपल्यापुरते पाहायचे तर हात तपासणे सोपे आहे. तळवा वर करून हात टेबलावर ठेवा. अंगठा आढ्याकडे सरळ उचला आणि दुसऱ्याला तो बोटाने दाबायला सांगा. मग करंगळी बाजूला ताणा आणि तीही तशीच दाबून पाहा. एखाद्या हाताला जोर कमी वाटला, किंवा अंगावर फिकट वा लालसर, बधिर चट्टा असला, तर भगताकडे फेऱ्या न मारता सरकारी दवाखाना गाठावा. नसेची ताकद गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू झाले तर ती परत येण्याची आशा बरीच असते. पुढे उशीर होत गेला की हात तसाच राहतो. कुष्ठरोगाची औषधे तेथे मोफत मिळतात. आजाराच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घ्यावी लागतात. मजुरीसाठी गुजरातेत जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी पुढच्या महिन्यांच्या गोळ्यांची सोय दवाखान्यात विचारून घ्यावी, आणि हात बधिर असेल तर चुलीवरचे भांडे जाड फडक्याशिवाय उचलू नये.