एकच लाव्हा, वेगवेगळे दगड

सह्याद्रीतला घाट चढताना रस्त्यासाठी कापलेल्या डोंगराकडे लक्ष ठेवा. काळ्या कातळात मध्येच कुठेतरी विटकरी रंगाचा आडवा पट्टा दिसतो, कधी हातभर जाडीचा, कधी त्याहून जास्त. तो आजूबाजूच्या दगडापेक्षा मऊ असतो, खरवडला की भुकटी पडते. हा पट्टा म्हणजे दोन उद्रेकांमधली उसंत. खालचा लाव्हा थंड होऊन त्याचा दगड झाला, ऊन-पावसाने त्याचा माथा कुजला, माती झाली आणि मग पुढचा तापलेला लाव्हा तिच्यावर येऊन पसरला.

हे उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. शंकूसारखा ज्वालामुखी मात्र डोळ्यांसमोर आणू नका. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून अकराशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला, पातळ, वाहता लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला. झीज होऊन आज उरलेला त्याचा पसाराच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. पश्चिम घाटात या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. वितळलेल्या द्रव्यापासून तयार होणारा तो अग्निजन्य खडक, असे पुस्तकात असते. आपल्याकडचा त्याचा नमुना म्हणजे हा बेसॉल्ट, आपला काळा पाषाण.

यातला एकच थर घेऊन तो खालपासून वर पाहू. लाव्हा पसरल्यावर दुधावर साय धरावी तसा त्याचा पृष्ठभाग आधी आळतो, आत मात्र तो बराच काळ तप्त राहतो. मधला भाग सावकाश थंड होतो, म्हणून तो घट्ट आणि कठीण. थंड होताना तो आकसतो आणि त्याला उभ्या भेगा पडतात. या भेगा नीट जुळून आल्या की पाच-सहा बाजूंचे खांब तयार होतात. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी ही अशाच खांबांची, सुमारे ६० मीटर उंच. थराच्या माथ्याची गोष्ट वेगळी. लाव्ह्यातले वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर येतात आणि आळलेल्या भागात अडकतात. त्यामुळे वरचा दगड सच्छिद्र होतो.

कठीण मध्य आणि मऊ माथा, ही जोडी एकावर एक रचली गेली आणि त्यातून सह्याद्रीचे रूप घडले. कठीण भागाचा कडा उभा राहिला, मऊ भाग झिजून त्याची उताराची पट्टी झाली. ताशीव कड्यांवर बालेकिल्ला आणि त्याखालच्या सपाटीवर माची, ही किल्ल्यांची रचना पुष्कळ ठिकाणी या थरांनीच आधी आखून दिलेली आहे. डोंगराच्या कुशीत झरे फुटतात तेही बहुधा दोन थरांच्या सांध्यावर.

बुडबुड्यांच्या त्या पोकळ्या पुढे रिकाम्या राहिल्या नाहीत. दगडात मुरलेले पाणी खनिजे विरघळवत फिरले आणि पोकळ्यांच्या भिंतींवर स्फटिक धरले: पांढऱ्या-गुलाबी छटेचे स्टिल्बाइट, हिरवट किंवा पारदर्शक अपोफिलाइट, कुठे जांभळा गारगोटीचा दगड. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत निळेशार कॅव्हन्साइट मिळाले, ज्यासाठी जगभरचे संग्राहक या गावाचे नाव घेतात. खडी फोडण्याच्या खाणीतून असे सौंदर्य बाहेर येते, याचे मला कायम अप्रूप वाटते.

आता खडक मोडतो कसा ते पाहू. याचे उत्तर पाऊस देतो. सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत, वर्षाला जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस. तिथे पाणी भेगांत शिरून बेसॉल्टमधल्या फेल्डस्पारची चिकणमाती करते, पण चुना आणि मॅग्नेशियम पूर्ण वाहून नेण्याइतके ते नसते. त्यातून होते काळी माती, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. देशावर नवी विहीर खणताना काठावर उभे राहिलात तर ही सगळी वाटचाल उलट्या क्रमाने दिसते: वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक आणि शेवटी सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण.

कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात. उबदार हवेत इतके पाणी लाखो वर्षे मुरत राहिले, की चुना, मॅग्नेशियम, सोडियम आणि बरीचशी सिलिकाही धुऊन जाते. मागे राहतात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे. काळ्या दगडाचा असा तांबडा जांभा होतो. चिरेखाणीत ताजा चिरा काढतात तेव्हा तो ओलसर आणि मऊ असतो, म्हणून सरळ कापता येतो. उघड्या हवेत वाळला की त्यातली लोहखनिजे घट्ट होतात आणि तोच चिरा घराची भिंत पेलतो. पाचगणीचे टेबललँड आणि कासचे पठार यांवरही जांभ्याचेच कवच आहे.

मोडलेल्या खडकाचा गाळ साचून, दबून होतात ते गाळाचे खडक महाराष्ट्रात थोडे, पण बोलके आहेत. वरळीच्या टेकडीत लाव्ह्याच्या थरांमध्ये सापडलेल्या गाळात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म मिळाले, म्हणजे दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तिथे पाणी साठलेले होते आणि जीवन नांदत होते. चंद्रपूरचा कोळसा या लाव्ह्याहून कितीतरी जुना, पंचवीस कोटी वर्षांपलीकडच्या दलदलीतल्या वनस्पतींचा.

रूपांतरित खडक पाहायचे तर नागपूर-भंडारा पट्ट्यात जावे लागते. तिथे अतिप्राचीन गाळ खोल गाडला गेला, उष्णता आणि दाबाने न वितळताच बदलला. वाळूच्या खडकाचा क्वार्टझाइट झाला, चुनखडीचा संगमरवर, चिखलाचा पापुद्रे सुटणारा शिस्ट. मनसर आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतले मँगनीजही अशाच गाळातून आलेले.

शाळेत हा विषय तीन प्रकारांच्या तक्त्यावर संपतो आणि मुलांना वाटते की खडकाची जात जन्मापासून ठरलेली असते. शिक्षकांना विनंती आहे की तक्ता बाजूला ठेवून एकदा वर्ग बाहेर न्यावा. कोकणात बंद पडलेली चिरेखाण, देशावर ओढ्याचा कापलेला काठ, विदर्भात नदीपात्रातले गोटे, एवढे पुरे आहे. प्रत्येक मुलाने एक दगड उचलावा आणि तो आधी काय होता, हे आपल्या शब्दांत सांगावे.