खाऱ्या भिंतीचं सैपाकघर

अकोल्यात किंवा अमरावतीत टाइल्सच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ओट्याच्या वर किती फूट लावायच्या? दोन फूट, दरवाजाच्या उंचीइतक्या की थेट छतापर्यंत? मग मोरबीहून आलेले नमुने पुढ्यात मांडले जातात. त्यांवर कॉफीचे कप आणि किवीची फळं असतात. आपल्याकडे ओट्यावर रोज चिरली जाते ती वांगी, पण वांग्याची टाइल अजून माझ्या पाहण्यात नाही. रंगाच्या दुकानात शेडकार्ड उघडतं. तुमच्या भिंतीचा गिलावा कोणत्या पाण्यात कालवला, असं मात्र दोन्हीकडे कोणी विचारत नाही. वऱ्हाडात खरं तर तिथूनच सुरुवात व्हायला हवी.

सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्या मधोमध पूर्णेचं खोरं पसरलं आहे. नदीच्या दोन्ही अंगांना गाळाचा जाड थर आहे आणि त्यातलं भूजल खारं. दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा, बाळापूर आणि पुढे बुलढाणा जिल्ह्यातलं संग्रामपूर, जळगाव जामोद; हा सगळा खारपाणपट्टा. पिण्यासाठी धरणांचं पाणी आलं. अमरावती शहर अप्पर वर्धा धरणावर, तर अकोला महानच्या काटेपूर्णा धरणावर तहान भागवतं. पण बांधकामाला गोडं पाणी कोण देणार? प्लॉटवर बोअर असतोच. त्याच पाण्यात विटा भिजतात, त्यातच गिलावा कालवतात आणि तराईसुद्धा त्याच पाण्याची. तराईचं पाणी उन्हानं उडून जातं, क्षार तेवढे भिंतीत राहतात. म्हणजे जितकी मन लावून तराई, तितकं भिंतीत मीठ जास्त. काँक्रीटसाठीच्या भारतीय मानक ४५६ मध्ये (आवृत्ती २०००) पाण्यातल्या सल्फेटला लिटरमागे ४०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे; क्लोराइडला सळई असेल तर ५०० आणि नसेल तर २००० मिलिग्रॅमची. घर बांधताना किती जण बोअरचं पाणी तपासून घेतात?

हे क्षार भिंतीत गप्प बसत नाहीत. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळतं. म्हणून श्रावणात कुठेही पाइप गळत नसताना भिंत ओली दिसते आणि प्लंबरला उगाच बोल लागतो. पाऊस सरला की तेच मीठ पुन्हा स्फटिक होऊन बसतं. सोडियम सल्फेटची खोड याहून वाईट. त्याचा एक रेणू पाण्याचे दहा रेणू सामावून घेतो तेव्हा त्याचं आकारमान चौपटीच्या घरात जातं. ही उलथापालथ ३२ अंशांच्या आसपास होते, हवेतल्या ओलाव्यानुसार थोडी खाली. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये भिंत दुपारी या रेषेच्या वर आणि पहाटे खाली असते. अशा रोजच्या ये-जा करण्यानं गिलाव्याचे कण सुटतात.

आता त्या भिंतीवर काय चढवलंय, याला महत्त्व येतं. लेप वाफ जाऊ देणारा असेल तर क्षार पृष्ठभागावर येऊन पांढरी भुकटी होते. दिसायला वाईट, पण झाडून टाकता येते. वाफ अडवणारा असेल तर स्फटिक लेपाच्या पाठीमागे तयार होतात आणि त्याला बाहेर ढकलतात. ऑइल पेंटचे पोपडे निघतात ते असे. टाइल वरून चकाचक असते आणि बोटाच्या पेरानं वाजवली तर पोकळ आवाज येतो.

जुन्या घरांत काळ्या दगडाचं जोतं असे, भिंती पांढऱ्या मातीच्या, चुलीला रोजचा पोतारा आणि सणावाराला चुना. चुनकळी विझवून केलेली सफेदी भिंतीवर चढली की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तिचा हळूहळू चुनखडक बनतो. हा थर सच्छिद्र असतो, क्षार अडवत नाही. शिवाय ताजा चुना इतका अल्कधर्मी की बुरशीचं त्यावर काही चालत नाही. खराब झाला तर पुढच्या दिवाळीला दुसरा हात. दुरुस्ती गृहीत धरलेला लेप होता तो. चुन्याची अडचण एकच: तेल. पातोडीच्या रस्स्याची तर्री एकदा उडाली की डाग खोलवर मुरतो.

आणि या तेलाचं रसायन वऱ्हाडी माणसाला परकं नसावं. जवस इथलं जुनं पीक, सरकी कापसाबरोबर आलेली आणि आता शिवारभर सोयाबीन. जवसाच्या तेलातल्या आम्लांपैकी सुमारे निम्मं लिनोलेनिक असतं. सरकी आणि सोयाबीनमध्ये लिनोलेइक तेवढंच. या आम्लांच्या साखळीतल्या दुहेरी बंधांवर हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो, साखळ्या एकमेकींत गुंततात आणि पातळ तेलाचा घट्ट पापुद्रा होतो. एक्झॉस्ट पंख्याच्या जाळीवर जमणारं पिवळं, चिकट प्रकरण म्हणजे अर्धवट सुकलेलं व्हार्निशच. गंमत अशी की ऑइल पेंटच्या डब्यातली राळही बहुधा जवस किंवा सोयाबीनसारख्या तेलांपासूनच बनते. डागही तेलाचा आणि रंगही तेलाचा.

म्हणून दोघांचा वैरीही एकच: अल्कली. नव्या गिलाव्याचा सामू १२ च्या वर असतो. त्यावर घाईनं ऑइल पेंट मारला तर रंगातल्या तेलाचा चक्क साबण होतो, रंग वाळतच नाही, चिकट राहून सुटतो. वास्तुशांतीची तारीख आधी ठरलेल्या घरांत हे हमखास घडतं. डाग काढायला धुण्याचा सोडा वापरतो तोही याच कारणानं काम करतो, आणि याच कारणानं दर घासणीला ऑइल पेंटची चकाकी थोडी थोडी नेतो.

पाण्यातल्या ॲक्रेलिक इमल्शनला साबणाची भीती नाही. त्यात निवड चकाकीची. मॅट रंगात रंगकण आणि भुकटी जास्त, त्यांना बांधणारी राळ कमी. त्यामुळे पापुद्र्यात बारीक भोकं राहतात. हळद तिथेच जाऊन बसते. सॅटिन किंवा त्याहून चकचकीत प्रकारात राळ भरपूर, पुसायला सोपं. डिस्टेंपर सैपाकघरात नकोच. आणि इमल्शन मे महिन्यात पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर मारू नये. पारा ४५ च्या पुढे असताना पाणी इतक्या झपाट्यानं उडतं की राळेचे कण एकमेकांत नीट मिसळायच्या आतच थर वाळतो आणि तो कच्चा राहतो.

टाइल्सच्या बाबतीत पाठ बघावी, फुलं नंतर. भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइलची पाठ सच्छिद्र असते, वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी पिते, म्हणून सिमेंट तिला धरतं. व्हिट्रिफाइड जवळजवळ पाणी घेतच नाही. तिला टाइलचं खास ॲडेझिव्हच लागतं, सिमेंटच्या घोळावर ती भरवशाची नाही. शिवाय टाइल धुतली जाते, जॉइंट नाही. पांढऱ्या सिमेंटच्या ताज्या जॉइंटवर हळद पडली तर डाग लालसर उमटतो, कारण कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. डाग जावा म्हणून ॲसिड ओतलं तर टाइलच्या काचेला सहसा काही होत नाही, जॉइंट मात्र खाल्ला जातो. ओट्यामागे इपॉक्सी जॉइंटवर पैसे घालावेत, टाइलच्या नक्षीवर वाचवावेत. प्लॅस्टिकच्या पॅनेलबद्दल एवढंच की ती शेगडीजवळ मऊ पडतात आणि मागे झुरळांना आयती जागा मिळते.

माझं मत विचाराल तर खारपाणपट्ट्यात छतापर्यंत टाइल्स लावूच नयेत. ओट्यामागे दोन-अडीच फूट पुरे, त्याच्या वर इमल्शन, आणि क्षार दिसलेल्या भिंतीवर चुना. ऑइल पेंट दार-खिडक्यांना. निदान सैपाकघराच्या गिलाव्यासाठी तरी गोड्या पाण्याचा टँकर मागवावा. टाइल्सच्या बिलापुढे तो खर्च फार नाही.

आधीच बांधलेल्या घरात निर्णयापूर्वी एक तपासणी करावी. फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस बसवा. थेंब प्लॅस्टिकच्या बाहेरच्या अंगाला जमले तर ओल सैपाकघराच्या हवेतली. ती कमी नसते: १४.२ किलोचं एक सिलिंडर जळून संपेपर्यंत सुमारे २२ लिटर पाणी वाफेच्या रूपात खोलीत येतं, भाताची वाफ वेगळीच. तिथे एक्झॉस्ट पंखा हवा. थेंब आतल्या बाजूला असतील तर ओल भिंतीतून येते आहे. मग आधी ती कुठून येते ते शोधावं, खराब गिलावा विटेपर्यंत खरवडावा आणि भिंत एक उन्हाळा उघडी ठेवावी. वर येणारी पांढरी भुकटी कोरड्या ब्रशनं झाडावी, पाण्यानं धुऊ नये. धुतलेलं मीठ विरघळून परत विटेतच शिरतं.