खोडातला करंट

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मागितला होता मेन्लो पार्कवरचा लेख. एडिसन यांनी १८७६ मध्ये तिथे प्रयोगशाळा थाटली, १८७९ मध्ये कार्बनच्या तंतूचा दिवा तासन् तास जळता ठेवला, आणि १९५४ मध्ये आमच्या न्यू जर्सीतल्या या गावाने त्यांचं नाव घेतलं. एवढं इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. आज याच एडिसनमध्ये गणपतीला ढोल वाजतात, आणि दिवाळीच्या माळा बरीच घरं उतरवतच नाहीत. नाताळ येऊन ठेपलेला असतो, मग राहू देत म्हणतात. घरातल्या पोरांच्या हट्टाने प्लॅस्टिकचं ख्रिसमस ट्रीही येतं आणि देवघराशेजारच्या कोपऱ्यात उभं राहतं.

मेन्लो पार्कचं वाचता वाचता मी एडिसन यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांच्यापाशी अडकले आणि मूळ विषय सुटला. या जॉन्सननी १८८२ साली न्यू यॉर्कमधल्या आपल्या घरी नाताळच्या झाडावर विजेचे दिवे लावले. लाल, पांढरे, निळे असे ८० दिवे, सगळे हाताने वायर ओढून जोडलेले. त्याआधी झाडावर मेणबत्त्या असत आणि जवळ पाण्याची बादली. दोन वर्षांनी, १८८४ च्या डिसेंबरात, न्यू यॉर्क टाइम्समध्ये त्यांच्या नव्या झाडाची बातमी आली. आता दिवे १२० झाले होते. झाड स्वतःभोवती फिरत होतं. तळघरात मोठा डायनामो, झाडाच्या पायथ्याशी छोटा. दिव्यांचे सहा गट केलेले. झाडाभोवती तांब्याच्या पट्ट्या आणि त्यांना टेकणारी बटणं. झाड फिरेल तशी जोडणी तुटायची, पुन्हा व्हायची, आणि एकेक गट पेटायचा, विझायचा.

मी थांबले ती तांब्याच्या त्या पट्ट्यांपाशी. फिरणाऱ्या वस्तूला वीज द्यायची तर वायरला पीळ पडतो. मग वायर नको, खोडालाच धातूचं कडं घाला. कडं कितीही फिरलं तरी ते कडंच राहतं. आजच्या कृत्रिम झाडाच्या पोटात हीच युक्ती बसली आहे, पण तिथे पोचायला बराच काळ गेला.

मधला इतिहास भराभर सांगते. जर्मनीत एकोणिसाव्या शतकात हंसाची पिसं हिरवी रंगवून तारेला गुंडाळत आणि झाड करत. १९३० च्या दशकात ॲडिस नावाच्या ब्रश कंपनीने संडासाचे ब्रश वळणाऱ्या यंत्रावरच फांद्या वळल्या. १९५९ पासून विस्कॉन्सिनमधल्या मॅनिटोवॉकची चकाकती ॲल्युमिनियमची झाडं आली, आणि त्यांच्यावर दिवे लावायलाच बंदी. वायरचं आवरण कुठे सोललं तर अख्खं झाड करंट मारेल म्हणून खालून रंगीत चाकातून प्रकाश टाकत. पुढे पीव्हीसी आलं, मग दिवे आधीच गुंफलेली झाडं आली.

या तयार दिव्यांच्या झाडांनी पहिली सोय केली आणि दुसरी गैरसोय आणली. साडेसात फुटी झाड खोक्यातून साधारणपणे तीन तुकड्यांत निघतं: खालचा, मधला, शेंडा. प्रत्येक तुकड्यावर दिव्यांच्या वेगळ्या माळा. खोडाचे नळ एकात एक बसवून झाले की माणूस फांद्यांत डोकं घालून प्लग शोधायला लागतो. प्लगांना ए, बी, सी अशा चिठ्ठ्या लावलेल्या असतात आणि दुसऱ्या वर्षी नेमकी बीची चिठ्ठी गळालेली असते.

मग कुणाला तरी वाटलं, नळ नळात जातोच आहे, तर वीजही तिथूनच का जाऊ नये? कल्पना सोपी वाटते. अडचण उचलण्यात आहे. मधला तुकडा फांद्यांसकट चांगलाच जड. तो छातीशी धरून वर उचलायचा, आणि खालच्या नळाचं तोंड तर त्याच फांद्यांमुळे दिसत नाही. अशा वेळी भिंतीवरच्या सॉकेटसारखे दोन दांडे दोन भोकांत नेमके घालायचे असते तर माणूस तुकडा हातात धरून गोल गोल फिरत बसला असता. म्हणून जोडणी अशी हवी की जिला दिशाच नाही. जात्याचा वरचा दगड खालच्या खुंट्यावर ठेवताना तो कसा वळला आहे हे कुणी पाहत नाही, तसं. मध्ये एक पिन, हा एक ध्रुव. तिच्याभोवती धातूचं कडं, हा दुसरा. दोन्हींच्या मध्ये प्लॅस्टिकची भिंत. वरचा तुकडा कसाही खाली आला तरी पिन पिनेच्या जागी आणि कडं कड्याच्या जागी. त्याच झटक्यात नळही नळात बसतो आणि खाचा-दाते अडकून झाड फिरायचं थांबतं.

लॅपटॉपच्या चार्जरची गोल पिन पाहिली असेल तर यात नवं काय, असं वाटेल. मलाही तेच वाटलं. पण ती पिन दोन बोटांत धरून, बघून खुपसायची असते. इथे खुपसणारा आंधळा, वजन अंगावर, आणि अमेरिकेच्या १२० व्होल्टवर चालणाऱ्या झाडात खालच्या नळाच्या तोंडाशी जिवंत वीज. म्हणून भोकाची बाजू नेहमी खाली, पुरवठ्याकडे, आणि उघडी पिन वरच्या तुकड्याच्या बुडाला, जिच्यात जोडल्याशिवाय करंट नाही. उलट केलं असतं तर अर्धवट उभारलेल्या झाडाच्या टोकावर जिवंत खिळा उभा राहिला असता. एलईडीच्या झाडात आणखी एक फायदा. तिथे पायथ्याच्या ॲडाप्टरमधून कमी व्होल्टेजचा डीसी येतो, आणि डीसीला धन-ऋणाची अदलाबदल चालत नाही. पिन आणि कडं यांची अदलाबदल होऊच शकत नाही. काही दुरंगी झाडांत तर एलईडी जोडीजोडीने उलटसुलट लावतात आणि पेटीतून करंटची दिशा पालटली की रंग बदलतो. दोनच मार्ग पुरतात. मला ही रचना मनापासून आवडली. एवढ्याशा जागेत इतका विचार क्वचित दिसतो.

यावरून भांडण होणारच होतं. विलिस इलेक्ट्रिक या तैवानी कंपनीला खोडातल्या या जोडणीचं पेटंट २०१३ मध्ये मिळालं. २०१५ मध्ये तिने पॉलिग्रुप या मोठ्या उत्पादकाला मिनेसोटाच्या फेडरल न्यायालयात खेचलं. पॉलिग्रुपने हे पेटंट टिकूच शकत नाही म्हणून झुंज दिली: जुनी गोल पिन जुन्या नळात बसवली, यात शोध कसला? नऊ वर्षांनी, २०२४ मध्ये, ज्यूरीने विलिसला ४ कोटी २५ लाख डॉलर द्यायला सांगितले. जॉन्सनचं तांब्याचं कडं १८८४ चं आहे हे ठाऊक असूनही मला ज्यूरीचं पटतं. कडं जुनं होतं, ते आंधळ्या हातांसाठी नळात कसं बसवायचं हे जुनं नव्हतं.

एवढं कौतुक घेऊन मी शेजारच्या काकांकडे गेले. ते महावितरणातून निवृत्त होऊन मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले. आमच्या गल्लीत कुणाचाही मिक्सर बिघडला की त्यांच्याकडे येतो. त्यांच्यासमोर एका ओळखीच्या घरचं झाड आडवं पडलं होतं. खालचा तुकडा पेटत होता, वरचे दोन काळेठिक्कर. मी पिन आणि कड्याचं वर्णन सुरू केलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते सगळं खरं हो, पण मला हे सांगा, उघडायचं कुठून?"

नळाला स्क्रू नव्हता. सॉकेटचा प्लॅस्टिकचा ठोकळा आत रिव्हेट मारून बसवलेला. जुन्या माळेत निदान बिघाड बाहेर होता. अडीच व्होल्टचे पन्नास दिवे एकापाठोपाठ एक जोडलेले, आणि प्रत्येक दिव्यात तंतूखाली एक बारीक तार. तंतू तुटला की सगळं व्होल्टेज त्या तारेवर येतं, तिच्यावरचा ऑक्साइडचा थर फुटतो, वाट मोकळी होते आणि बाकीचे चालू राहतात. फक्त उरलेल्यांवर ताण थोडा वाढतो, मग तेही लवकर जातात. दिवा सैल असेल तर सगळी माळ जाते. पण सैल दिवा बोटाने चाचपता तरी येतो.

इथे संशय आतल्या स्प्रिंगवर होता. काकांनी मल्टिमीटरची टोकं लावली. पुरवठ्याकडून सॉकेटपर्यंत व्होल्टेज नीट, वरच्या तुकड्यात शून्य. "नळ पूर्ण बसलाच नसणार कधी," ते म्हणाले. तोंडाला पोचा होता, रंगाचा थरही जाड. दोन-तीन मिलिमीटरचं अंतर राहिलं तरी पिन टेकते, झाड पेटतं, आणि लावणारा समाधानाने चहा घ्यायला जातो. मग अर्धवट टेकलेली जागा तापते, स्प्रिंगची ताकद जाते. जानेवारीत झाड ॲटिकमध्ये चढतं, उन्हाळाभर तिथे उकडतं, डिसेंबरात पुन्हा खाली येतं, आणि दर वर्षी धातूवरचा मुलामा थोडा घासला जातो. खालच्या उघड्या पितळेवर थर चढतो. कमी व्होल्टेजच्या झाडात शॉकची भीती कमी, पण हा थर भेदायची ताकदही कमी. १२० व्होल्ट तो सहज फोडतो, एलईडीचा पुरवठा तिथे अडतो.

मधला तुकडा नवा आणावा, तर त्या घरच्यांनी आधीच विचारून पाहिलं होतं: ते मॉडेल बंद झालं. दुसऱ्या कंपनीचा तुकडा बसत नाही. पिनेची जाडी वेगळी, कड्याचा व्यास वेगळा, दाते वेगळे. पेटंटच्या भांडणात प्रत्येकाने आपापला वेगळा सांधा घडवला, त्याचंही हे एक फळ. फोनच्या चार्जरसाठी सरकारांनी एकच तोंड ठरवायला लावलं. वर्षातून चार-पाच आठवडे लागणाऱ्या झाडासाठी कोण कायदा करणार? झाड टाकायचं म्हटलं तर लोखंडी नळ, तांब्याच्या वायरी आणि पीव्हीसीची पानं एकमेकांत गुंतलेली. ती सोडवत बसणं कोणत्याही भंगारवाल्याला परवडत नाही.

"रिव्हेट ड्रिलने काढून बघू का?" मी विचारलं.

"एकदा काढला की तो नळ परत तेवढाच घट्ट बसेल याची खात्री कोण देणार? वर पोरं खेळतात." काका ठामच होते. झाड एलईडीचं, कमी व्होल्टेजचं, म्हणून त्यांनी दुसरा मार्ग काढला. आतली जोडणी तशीच मेलेली ठेवली, खालच्या तुकड्यातून दोन वायरी बाहेर काढल्या, खोडाला हिरवी टेप मारत वर नेल्या आणि मध्ये चार्जरची गोल पिन आणि तिचं सॉकेट जोडलं. त्याच्याजवळ कागदाची चिठ्ठी चिकटवली आणि मराठीत लिहिलं: "आधी हे लावा."