श्रावणात घेतलेली तार

जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात आमचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. वर्षाची कमाई ठरते ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात. इथला मटार प्रसिद्ध. शहापुरा-पाटणकडे पेरण्या झाल्या की पाणी सुरू होतं, व्होल्टेज पडतं आणि जळालेले सबमर्सिबल पंप दुचाकीच्या मागे बांधून इकडे येऊ लागतात. समोरचा म्हणतो, "भैयाजी, मटर बिक जाए, फिर हिसाब." त्याच्यामागे आणखी तिघं उभे असतात. अशा वेळी माणूस 'ठीक है' म्हणून मोकळा होतो. हंगामात काउंटरवर उभं राहून नवा निर्णय घेऊच नये, या मताचा मी आहे.

असल्या गोष्टी मी पावसाळ्यात, धंदा मंदा असताना ठरवून ठेवतो. तारेचे पैसे आधी रोख, मजुरी मटार विकल्यावर. जळालेली तार गिऱ्हाइकासमोर काट्यावर ठेवायची आणि भंगाराचा भाव तिथंच वजा करायचा. स्टॅम्पिंगचे पत्रे जळून चिकटले असतील तर वाइंडिंग करायचंच नाही. तसली मोटर पुन्हा तापते आणि शिव्या आपल्याला बसतात. नियम मेव्हण्यालाही तोच. (तो अजून रुसलेला आहे.) डाळ मिलवाल्यांच्या बिलावर मी उद्यम नोंदणीचा क्रमांक छापतो. 2006 च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यानं आमच्यासारख्यांचे पैसे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, असला तरी फार तर 45 दिवसांत द्यावे लागतात. शिवाय आता मुदत चुकली तर पैसे प्रत्यक्ष दिल्याखेरीज तो खर्च त्यांना आयकरात वजा मिळत नाही. हे मला बोलावं लागत नाही, त्यांचा सीएच सांगतो.

खरा पेच तांब्याचा. सबमर्सिबलला पॉली तार, बाकीच्या मोटरींना एनॅमलची. दोन्हींचा भाव लंडनच्या बाजारावर आणि डॉलरवर हलतो. हंगामापुरती तार मी श्रावणातच घेतो आणि त्याच दिवशी रोजकिर्दीच्या मागच्या पानावर कारण लिहितो: 'तार संपून दुकान थांबू नये म्हणून. भाव वाढेल म्हणून नव्हे.' एका साली दिवाळीपर्यंत भाव उतरला. पुतण्या म्हणाला, "काका, घाई केलीत." मी पान दाखवलं. पुढच्या साली भाव चढला, तर तोच म्हणतो, "काय अंदाज आहे तुमचा! पुढल्या वेळी दुप्पट भरू." पुन्हा तेच पान दाखवलं. चढलेल्या भावाचं श्रेय घेतलं असतं, तर उतरलेल्या भावाचा दोषही घ्यावा लागला असता.

लिहून ठेवायचं ते एवढ्यासाठी की आठवण बेइमान असते. 1972 साली अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि रशियाला निघाले, तेव्हा फिशहॉफ आणि बेथ या दोन मानसशास्त्रज्ञांनी इस्रायलमधल्या विद्यार्थ्यांना विचारून ठेवलं होतं, कोणती गोष्ट घडण्याचा संभव किती? दौरे झाल्यावर तेच आकडे आठवून सांगायला लावले. जे घडलं होतं, त्याबद्दल 'मला आधीच वाटत होतं' असं सांगण्याकडे पुष्कळांचा कल दिसला. बाजारात तर हे रोज ऐकू येतं.

यंदा पुतण्याला ऑटोमॅटिक वाइंडिंग मशीन हवं आहे. कारणाच्या जागी त्यानं लिहिलं, 'बाकीच्यांकडे आहे.' मी म्हटलं, मंदीच्या महिन्यात किती कॉइल निघतात आणि तेव्हा हप्ता कुठून भरायचा, ते लिही. सध्या तो जुनी बिलं काढून बसला आहे.