मुद्रित मंडल : घरी करावे की कारखान्यातून मागवावे ?

रेडिओ संच किंवा पाण्याच्या पंपाचा स्वयंचलित नियंत्रक उघडून पाहिला, की आत बहुधा हिरव्या रंगाची एक पातळ पाटी दिसते. तिच्यावर रोधक, धारित्र, ट्रँझिस्टर आदी भाग बसविलेले असतात आणि त्यांना जोडणाऱ्या तांब्याच्या बारीक रेषा पाटीवरच उमटलेल्या असतात. हेच मुद्रित मंडल. तंत्रज्ञ त्याला ‘पीसीबी’ म्हणतात. पूर्वी हे भाग सुट्या तारांनी जोडावे लागत. पॉल आइस्लर या ऑस्ट्रियन अभियंत्याने १९३६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये मुद्रित मंडलावर चालणारा रेडिओ संच तयार केला आणि या तंत्राचा पाया घातला.

औद्योगिक प्रशिक्षण संस्था व तंत्रनिकेतने यांतील विद्यार्थ्यांना तसेच लहान उद्योजकांना आज एक प्रश्न पडतो : हे मंडल घरी करावे, की कारखान्यातून मागवावे ?

घरगुती पद्धती

तांब्याचा पातळ थर चिकटविलेली पाटी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत सहज मिळते. संगणकावर काढलेली आकृती लेसर मुद्रकाने गुळगुळीत कागदावर छापतात आणि गरम इस्त्रीने दाबून पाटीवर उतरवितात. कागदावरील छाप पाटीवर उलटा उमटतो, हे आधीच ध्यानात घ्यावे लागते. नंतर पाटी फेरिक क्लोराइडच्या द्रावणात ठेवली, की उघडे तांबे विरघळते व शाईखालील रेषा शिल्लक राहतात. शेवटी बारीक ड्रिलने भोके पाडून भाग डाखाने जोडतात.

एका संध्याकाळी मंडल हाती येते, हा या पद्धतीचा मोठा गुण. आकृतीत चूक निघाली, तरी दुसऱ्या दिवशी नवे मंडल करता येते. विद्यार्थ्याला प्रत्येक टप्पा स्वतःच्या हाताने कळतो, हा लाभ तर पैशात मोजता येणार नाही.

कारखान्यातील मंडल

कारखान्यात भोकांच्या आतील बाजूसही तांब्याचा मुलामा चढविला जातो. त्यामुळे पाटीच्या दोन्ही बाजू आपोआप जोडल्या जातात. घरी हे काम तारेचे तुकडे घालून करावे लागते. कारखान्यात ०.१५ मिलिमीटर रुंदीच्या रेषाही सहज निघतात. घरी त्याच्या दुप्पट रुंदी ठेवणेच सुरक्षित. शिवाय रेषांवर हिरवा संरक्षक लेप दिला जातो. मात्र एकच नग हवा असला, तरी बहुधा किमान पाच नगांची मागणी नोंदवावी लागते. वाहतुकीचा खर्च व काही दिवसांची प्रतीक्षा वेगळीच. आकृतीत चूक राहिली, तर पाचही नग वाया जातात.

निवड कशी करावी ?

प्रयोगशाळेच्या मेजावर चालणारे मंडल शेतातील पंपाच्या पेटीत टिकेलच असे नाही. पावसाळ्याच्या दमट हवेत उघडे तांबे काळवंडते. ओल व धूळ साचून रेषांमध्ये गळती होते. २३० व्होल्टचा दाब असलेल्या उपकरणात अशी गळती जिवावर बेतू शकते. म्हणून पहिली चाचणी घरच्या मंडलावर घ्यावी आणि दोष निघून गेल्यावर, दुसऱ्याच्या हाती द्यावयाचे नग कारखान्यातून करून घ्यावेत, हाच शहाणपणाचा क्रम होय.

दक्षता आवश्यक

फेरिक क्लोराइड त्वचेस अपायकारक असून धातूची भांडी व नळ कुरतडते. द्रावण काच किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यातच करावे. ॲल्युमिनियमचे भांडे कदापि वापरू नये. भुकटी थोडी थोडी पाण्यात टाकावी, भुकटीवर पाणी ओतू नये. हातमोजे व चष्मा वापरावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. भोके पाडताना उडणारी काचतंतूंची धूळ श्वासावाटे आत जाऊ नये म्हणून नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी.

वापरलेल्या द्रावणात तांबे उतरलेले असते व ते मासे आणि जलचरांना घातक ठरते. असे द्रावण मोरीत किंवा नाल्यात ओतणे म्हणजे घरची बचत गावाच्या पाण्यातून वसूल करणे होय. ते घट्ट झाकणाच्या बाटलीत साठवून, चिठ्ठी लावून, अधिकृत घातक-कचरा केंद्राकडे सोपवावे. संस्थांनी तशी व्यवस्था सत्राच्या आरंभीच केल्यास विद्यार्थ्यांना कौशल्याबरोबर जबाबदारीचाही धडा मिळेल.