अनाथाश्रम बांधण्यापूर्वी

नाताळ जवळ आला की ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरातील धर्मग्रामांत एक सूचना हमखास कानी येते : "फादर, आपणही एक अनाथाश्रम बांधू या." कोणी जागा देऊ करतो, तर कोणी परदेशातील नातलगांकडून निधी आणण्याचे आश्वासन देतो. भावना उदात्त आहे. अनाथांचा त्यांच्या संकटात समाचार घेणे हे शुद्ध धर्माचरण होय, असे संत याकोबाने आपल्या पत्रात (१:२७) सांगितले आहे. परंतु मिशनरी कार्याचा इतिहास आणि आजचा कायदा हे दोन्ही वीट रचण्यापूर्वी आपल्याला एक प्रश्न विचारतात : हे मूल कोणाचे आहे?

जुना वारसा

हे सेवाकार्य आपल्या भागाला नवे नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यास येशूसंघीय मिशनरी ठाण्यात आले. त्यांनी निराधार मुलांना आश्रय दिला आणि प्रार्थना व अक्षरओळखीबरोबरच हस्तव्यवसाय व शेतीही शिकवली. पुढे इंग्रजी अमदानीत, १८६३ साली, येशूसंघीयांनी वांद्रे येथे अनाथ मुलांसाठी जी संस्था काढली, तीच आजची सेंट स्टॅनिस्लॉस शाळा होय. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणल्या आणि केडगाव येथे 'मुक्ती' सदन उभे राहिले. त्या कॅथलिक नव्हत्या. तरी आश्रयाबरोबर स्वावलंबन दिले पाहिजे, हा त्यांचा धडा आपणही घ्यावा असाच आहे.

एक सावली

या वारशावर एक सावलीही आहे व ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १५५९ साली पोर्तुगालच्या राजाने फर्मान काढले. गोव्यातील ज्या हिंदू मुलांना आईवडील वा आजीआजोबा उरले नसतील, त्यांना येशूसंघीयांच्या सेंट पॉल कॉलेजाच्या स्वाधीन करावे व त्यांना स्नानसंस्कार द्यावा, असा तो हुकूम होता. पुढे केवळ वडील वारलेल्या मुलांनाही 'अनाथ' ठरवले जाऊ लागले. आई जिवंत असताना मूल अनाथ कसे? ज्या घरातून मूल नेले गेले, त्या घराला मिशनऱ्यांची माया दिसली नाही, सत्तेचा हात तेवढा दिसला. मिशनरी सेवेविषयी आजही जो संशय व्यक्त होतो, त्याचे एक मूळ येथे आहे.

ख्रिस्तसभेने या इतिहासापासून बोध घेतला आहे. कोणाच्याही विवेकबुद्धीवर श्रद्धेबाबत सक्ती होऊ नये, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली घोषित केले. मृत्यूचे संकट नसेल, तर आईवडिलांपैकी किमान एकाच्या अथवा कायदेशीर पालकाच्या संमतीवाचून बालकाला स्नानसंस्कार देणे उचित नाही, असे १९८३ च्या धर्मसंहितेचा ८६८ वा नियम सांगतो. सत्याच्या सेवेत झालेल्या बळाच्या वापराबद्दल पोप दुसरे जॉन पॉल यांनी १२ मार्च २००० रोजी देवाजवळ क्षमायाचना केली.

आजचा कायदा

२०१५ चा बाल न्याय कायदा हाच प्रश्न मुदती घालून विचारतो. कल्याण जंक्शनचे उदाहरण घ्या. कसारा व कर्जत या दोन्ही मार्गांच्या गाड्या तेथे एकत्र येतात. समजा, फलाटावर आपल्याला एकटे मूल आढळले. त्याला प्रेमाने घरी नेऊन ठेवणे हे सत्कृत्य वाटेल. पण कायद्याने ते योग्य नाही. चोवीस तासांच्या आत पोलीस, बालकल्याण समिती, १०९८ ही मदतवाहिनी अथवा नोंदणीकृत बालगृह यांपैकी कोणाला तरी कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. त्यानंतर पालकांचा शोध सुरू होतो. दोन वर्षांपर्यंतच्या बालकासाठी दोन महिने व त्याहून मोठ्या मुलासाठी चार महिने अशी त्याची मुदत आहे. शोध निष्फळ ठरला, तरच समिती त्या मुलाला दत्तक देण्यास मोकळे ठरवते. नोंदणी न करता बालगृह चालवणाऱ्यास तुरुंगवास वा दंड होऊ शकतो. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय होय, असे हाच कायदा स्पष्टपणे म्हणतो.

मग आपण काय करावे?

बालगृहात येणाऱ्या कितीतरी मुलांचे आई वा वडील हयात असतात. विधवा आईला दिवसभर कामावर जावे लागते, बांधकामावरचे बिऱ्हाड सतत हलत असते, घरात दारूने थैमान घातलेले असते. अशा मुलाला छप्पर देण्याआधी त्याचे घर सावरता येईल का, हे पाहिले पाहिजे. शाळेची फी, महिन्याचे धान्य, आईला काम, संध्याकाळी अभ्यासासाठी चर्चच्या सभागृहातील एक खोली, एवढ्यानेही एखादे मूल आपल्या आईजवळ राहू शकते. कायद्यातही कुटुंबाला आर्थिक साहाय्य व प्रतिपालक कुटुंब यांची तरतूद आहे.

ज्यांना खरोखरच कोणी नाही, त्यांच्यासाठी बालगृहे हवीतच. आपल्या धर्मभगिनी जेथे रात्रंदिवस हे व्रत चालवीत आहेत, तेथे आपला निधी व वेळ द्यावा. मात्र देणगीची पाटी लावण्याची घाई नको. यंदा नाताळपूर्वी प्रत्येक धर्मग्रामाने दोन गोष्टी कराव्यात : १०९८ हा क्रमांक चर्चच्या फलकावर ठळक लिहावा आणि आपल्या परिसरात ज्या आईवर मूल दुसऱ्याच्या स्वाधीन करण्याची वेळ आली आहे, तिचे दार शोधून काढावे. ते मूल तिच्याजवळच राहिले, तर आपल्याला अनाथाश्रमात एक खाट कमी लागेल. अनाथसेवेचा आरंभ तेथूनच होऊ द्या.