हिवाळ्यातील लडाख : बर्फावर उजळणारे सण

लडाख म्हटले की डोळ्यांसमोर येते ते उन्हाळ्यातील लडाख. निळेशार पँगाँग सरोवर, उघडेबोडके डोंगर आणि पर्यटकांच्या मोटारींची रांग. परंतु या भूमीचे अंतरंग जाणून घ्यावयाचे असेल, तर तेथील हिवाळा पाहावा. सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर वसलेल्या लेह शहरात डिसेंबर-जानेवारीत पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो, नळ गोठतात, आणि नेमक्या याच काळात गावोगावी सणांची मांदियाळी भरते.

यामागे शेतीचे गणित आहे. लडाखमध्ये शेतीचा हंगाम अवघ्या काही महिन्यांचा असतो. या अल्पकाळात जवाची पेरणी, पाणी देणे, कापणी आणि मळणी उरकावी लागते. धान्य कोठारात आणि सुकविलेले जर्दाळू डब्यात गेले की माणसाला सवड मिळते. पूर्वी झोजी ला खिंडीतील रस्ता बर्फामुळे पाच-सहा महिने बंद राहत असे. अलीकडे हा काळ बराच घटला आहे. मात्र बाहेरच्या जगाशी संपर्क तुटलेल्या त्या दीर्घ महिन्यांत एकमेकांची सोबत हीच मोठी ऊब होती, आणि ती सणांनी पुरविली.

नववर्ष दोन महिने आधी

सणांचा प्रारंभ होतो गाल्दन नामचोतने. बौद्ध धर्मातील गेलुग पंथाचे प्रवर्तक त्सोंगखापा (१३५७-१४१९) यांच्या स्मरणार्थ तिबेटी पंचांगाच्या दहाव्या महिन्यातील पंचविसाव्या तिथीला गोम्पा आणि घरांवर दीप उजळतात. मराठी माणसाला दिवाळीची आठवण व्हावी, असे हे दृश्य असते.

पाठोपाठ येतो लोसर, म्हणजेच नववर्ष. तिबेटी लोसरच्या सुमारे दोन महिने आधी लडाखी लोसर साजरा होतो. त्याची कथा रंजक आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी राजा जामयांग नामग्याल बाल्टिस्तानच्या स्वारीवर निघाला होता. नववर्षापूर्वी मोहीम काढणे अशुभ, असा सल्ला त्याला मिळाला. राजाने तोड काढली आणि नववर्षच आधी साजरे केले! ती प्रथा आजतागायत टिकून आहे.

लोसरमध्ये पूर्वजांना अन्न अर्पण केले जाते. आयबेक्स ही डोंगरातील रानबकरी समृद्धीचे प्रतीक मानली जाते. तिच्या कणकेच्या आकृत्या घरोघरी मांडल्या जातात. संध्याकाळी ‘मेथो’ म्हणजे पेटत्या मशालींची मिरवणूक निघते. मशाली गावाबाहेर फेकल्या की सरत्या वर्षाची इडापिडा टळली, असे मानतात. नंतर घरात गरम थुक्पा, लोणी-मिठाचा चहा आणि जवापासून केलेली छांग यांच्या साथीने आप्तेष्टांची मैफल रंगते.

मुखवट्यांचे नृत्य

जानेवारीच्या सुमारास लेहजवळच्या स्पितुक गोम्पात गुस्तोर भरतो. रंगीबेरंगी जरीवस्त्रे आणि भव्य मुखवटे धारण केलेले लामा झांजा, ढोल व लांबलचक कर्ण्यांच्या नादावर ‘छाम’ नृत्य करतात. फेब्रुवारीच्या सुमारास लेह, लिकिर आणि दिस्कित येथे दोसमोचे होतो. लाकडी सांगाड्यावर रंगीत धागे गुंफून केलेली उंच रचना मिरवणुकीने गावाबाहेर नेऊन जाळली जाते. आपल्या होळीशी तिचे नाते सहज जाणवते.

त्यानंतरच्या काळात माथो गोम्पातील नागरांग उत्सवाला मोठी गर्दी लोटते. प्रदीर्घ ध्यानसाधना केलेले दोन लामा दैवी संचाराच्या अवस्थेत येत्या वर्षाविषयी भाकीत वर्तवितात. पीकपाणी कसे राहील, हा जमलेल्यांच्या मनातील जिव्हाळ्याचा प्रश्न असतो.

हिमाची ठेव

त्या प्रश्नाला आज वेगळी धार आली आहे. लेह परिसरात वर्षाकाठी पाऊस आणि बर्फ मिळून पडणारे पाणी जेमतेम १०० मिलिमीटर. येथील शेती जगते ती हिवाळ्यात साठलेल्या आणि उन्हाळ्यात वितळणाऱ्या बर्फावर. बर्फ ही जणू या प्रदेशाची मुदत ठेव. तापमानवाढीमुळे हिमनद्या मागे हटत आहेत आणि ही ठेव आटू लागली आहे. पेरणीला पाणी हवे असते एप्रिल-मे महिन्यांत, तर उंचावरील हिमनद्या वितळू लागतात त्यानंतर.

यावर लडाखी माणसाने स्वतःच उपाय शोधला. पद्मश्री चेवांग नोर्फेल यांनी गावांनजीक कृत्रिम हिमनद्या घडविल्या. २०१३च्या हिवाळ्यापासून सोनम वांगचुक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ‘हिमस्तूप’ उभारण्यास आरंभ केला. उंचावरील ओढ्याचे पाणी नळाने खाली आणावयाचे, त्याच्याच दाबाने ते कारंज्यासारखे उडवावयाचे आणि कडाक्याच्या थंडीत गोठू द्यावयाचे. शंकूसारख्या आकारामुळे त्यावर ऊन कमी पडते आणि बर्फ पेरणीपर्यंत टिकतो. यासाठी लागते ती वीज नव्हे, तर गावाची एकजूट.

हिवाळी सण पाहण्याची इच्छा असणाऱ्यांना विमानाने लेहला पोहोचता येते. विरळ हवेची सवय होण्यासाठी पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी आणि उत्सवांच्या तारखा तिबेटी पंचांगानुसार दरवर्षी बदलत असल्याने त्या आधी पाहून घ्याव्यात. गोम्पातील नृत्य ही उपासना आहे, याचे भान ठेवून छायाचित्रे घ्यावीत. त्या प्रांगणात लडाखी आजी शेजारी जागा करून देते आणि वाफाळत्या चहाचा पेला पुढे करते. तो नाकारू नये.